यंत्रांच्या मुलाखती घेणारे अप्पा

आमच्या हॉस्पिटलात नवं यंत्र आलं की त्याला आधी खुर्चीवर बसवतात. खरोखरच्या खुर्चीवर, हातांच्या. मग समोरच्या खुर्चीत बिराजदारअप्पा बसतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि त्याची मुलाखत घेतात.

"नाव काय तुजं?"

यंत्र गप्प. यंत्र विकायला पुण्याहून आलेला टायवाला तरुण घाईघाईनं कंपनीचं नाव सांगू लागतो.

"तुमाला न्हाय विचारलं. बरं, त्यो लाजतोय, तुमीच सांगा. हितं आल्यावर कुणाशी बोलनार ह्यो?"

"फक्त आपल्या सर्व्हरशी, सर."

"आनि?"

"आणि कुणाशीच नाही, सर."

"खरं सांगा की. मागं एक वजनकाटा आला हुता, त्यो बी असंच म्हनला. जोडून बघतो तर परदेशात कुटंतरी गप्पा मारत बसलाय! पेशंटचं वजन घ्यायला आलाय का गावभर सांगायला?"

तरुणाला घाम फुटतो. मुलाखत संपेपर्यंत यंत्राचा कोणाशी संबंध आहे, ते रात्री काय करतं, अडीअडचणीला कोणाला हाक मारतं, सगळं बाहेर आलेलं असतं. पास झालं तर अप्पा यंत्राच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "चला, या घरात." नापास झालं तर यंत्र आणि टाय दोघंही दुपारच्या गाडीनं परत.

मी सुनंदा. सोलापुरातल्या या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर आहे. लग्नाआधी लागले, अजून आहे. हॉस्पिटल तसं मध्यम, चार मजल्यांचं, खालच्या मजल्यावर सदा गर्दी. दारातून आत आलात की डाव्या हाताला काचेच्या मागं जी बाई कानाला फोन लावून बसलेली दिसते, ती मी. माझ्या मागं एक बोळ आहे आणि बोळाच्या टोकाला सर्व्हरची खोली. त्या खोलीवर अप्पांचं राज्य. ते नेटवर्क विभागाचे प्रमुख आहेत, आणि त्या विभागात ते एकटेच आहेत. गाव मैंदर्गी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून सोलापुरात आले ते इथलेच झाले. उंच, किरकोळ, कपाळावर विभूती, खिशाला चार रंगांची पेनं. मराठी आपल्या सोलापूरची, आणि त्यात 'बँडविड्थ' हा शब्द चटणी-भाकरीच्या सहजतेनं येतो.

सर्व्हरची खोली ही आमच्या हॉस्पिटलातली सगळ्यात थंड जागा. सोलापूरचा मे महिना ज्यानं काढलाय त्याला याचा अर्थ कळेल. एप्रिल सरला की सगळ्या हॉस्पिटलाला अचानक संगणकाच्या शंका येऊ लागतात. सिस्टर येतात, एक्स-रेवाले येतात, अकाउंटवाले तर जोडीनं येतात. अप्पा दारातच अडवतात.

"एक मानूस म्हंजे एक शेगडी हाय. आत दोन शेगड्या चालनार न्हाईत. काय आसंल ते हितंच बोला."

एकदा आमचे मोठे सर्जन पासवर्ड विसरल्याचं कारण काढून आत शिरले आणि एसीच्या झोताखाली डोळे मिटून उभे राहिले. अप्पांनी थोडा वेळ जाऊ दिला. मग म्हणाले, "डॉक्टर, पासवर्ड बाहेर बी आठवतो." सर्जन मुकाट्यानं बाहेर आले. गंमत म्हणजे अप्पा स्वतःही आत बसत नाहीत. आपल्याच अंगाची ऊब यंत्रांना लागू नये म्हणून ते बाहेर बोळात, पत्र्याच्या टेबलाशी, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसतात. मागून पाहिलं तर वाटतं, कोणीतरी नदीवरून आंघोळ करून आलंय आणि आधी कपडे काढायचे विसरलंय.

अप्पांच्या तऱ्हा सांगत बसले तर संपायच्या नाहीत. ते वायरीला कधी 'ओढा' म्हणू देत नाहीत, 'हात धरून आना' म्हणतात. दसऱ्याला सगळ्या यंत्रांना झेंडूची फुलं वाहतात, पण हजेरीच्या अंगठा-यंत्राला वाहत नाहीत. "त्यो चाडी सांगतो," म्हणतात. त्यांचा सगळ्यात आवडता प्रश्न म्हणजे, "आनि ह्यो बंद पडला तर?" हा प्रश्न ते कोणत्याही आनंदाच्या प्रसंगी विचारू शकतात. व्यवस्थापकांच्या मुलीच्या लग्नात जावई लॅपटॉपचं काम करतो म्हणून ओळख करून दिली, तेव्हाही अप्पांच्या तोंडावर तो प्रश्न आलेला मी पाहिला. त्यांच्या ताटातली जिलबी मी वेळेवर पुढं सरकवली म्हणून निभावलं.

तर मुख्य गोष्ट अशी. पूर्वी आमच्याकडं प्रत्येक गोष्टीचं जाळं वेगळं होतं. फोनच्या वायरी वेगळ्या, पेशंटच्या उशाशी असलेल्या कॉल-बेलच्या वेगळ्या, कॅमेऱ्यांच्या वेगळ्या, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रेचे फोटो, हजेरी, सगळ्यांचा संसार स्वतंत्र. छताची फळी उघडली की नुसता गुंता. काही बिघडलं की फोनवाला म्हणायचा कॅमेरेवाल्यानं वायर तोडली, कॅमेरेवाला बेलवाल्याकडं बोट दाखवायचा, आणि पेशंट बटण दाबत पडून राहायचा. शेवटी मॅनेजमेंटनं ठरवलं, सगळं एकाच नेटवर्कवर आणायचं. फोनसुद्धा.

अप्पांना वर्षानुवर्षं हेच हवं होतं. ते कामाला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून समजावू लागले.

"सगळी एका घरात येनार, पर परत्येकाची खोली वेगळी. क्यामेरा धिप्पाड हाय, त्याला जागा लई लागती. एक्स-रे वझं घिऊन येतो, त्याला जरा उशीर झाला तर चालतंय. पर मानसाचा आवाज? त्याला थांबवायचं न्हाय. समदे बाजूला हून आवाजाला आधी वाट द्यायची. आवाज थांबला की मानूस घाबरतो."

मी ऐकत होते ते धास्तीनं. कारण फोन नेटवर्कवर गेले की माझा टेलिफोनचा बोर्ड जाणार होता. नव्या पद्धतीत बाईच्या गोड आवाजात एक यंत्र बोलणार होतं, अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. मग काचेच्या मागं सुनंदा कशाला? नवरा गेल्यानंतर या फोनवरच मी घर चालवलं, मुलीला शिकवलं. या वयात दुसरं काय येणार मला? कोणाला बोलले नाही. पण दुपारचा डबा तसाच घरी परत जाऊ लागला.

एके दिवशी अप्पा स्टूल घेऊन माझ्या काचेच्या आत आले आणि शेजारी बसले.

"ताई, तुमी तुमचं काम करा. मी नुसता बसतो."

झालं, मी मनात म्हटलं. आता माझी मुलाखत. 'ह्यो बंद पडला तर' ची पाळी माझ्यावर आली.

ते बसले. दुसऱ्या दिवशीही आले. तिसऱ्या दिवशीही. फोन येत होते. 'आमची सून हाय तितं, बाळंत झाली का?' 'डॉक्टरीणबाई, आमच्या म्हाताऱ्याला आज जेवू घालायचं का न्हाय?' एकजण नुसता रडत होता. त्याला मी आधी पाणी प्यायला सांगितलं, मग नाव विचारलं, मग आयसीयूला जोडून दिलं. अप्पा ऐकत होते, काही लिहीत नव्हते, काही विचारत नव्हते. उठताना एवढंच म्हणाले, "ताई, ह्यात एकानं बी विभागाचं नाव घेतलं न्हाय की."

मग मीटिंग झाली. व्यवस्थापक, तीन-चार डॉक्टर, कंपनीचे लोक, आणि कशासाठी कोण जाणे, मलाही बोलावलं. कंपनीच्या माणसानं गोड आवाजाचं यंत्र टेबलावर मांडलं. अप्पा व्यवस्थापकांना म्हणाले, "साहेब, तुमी येक काम करा. तुमी वेळापूरचं शेतकरी. तुमच्या बायकूला सकाळी अॅम्ब्युलन्सनं हितं आनलंय. कुटल्या वार्डात हाय, ठावं न्हाय. लावा फोन."

व्यवस्थापक माणूस मोकळा. हसत हसत त्यांनी फोन लावला, स्पीकर सुरू केला. गोड आवाज म्हणाला, मराठीसाठी एक दाबा. त्यांनी दाबला. अपॉइंटमेंटसाठी एक, रिपोर्टसाठी दोन, बिलासाठी तीन. व्यवस्थापकांचं बोट हवेत थांबलं. बायको यातल्या कशात येते? त्यांनी अंदाजानं दोन दाबला. आवाजानं पेशंटचा नोंदणी क्रमांक मागितला. ते आमच्याकडं बघू लागले. आवाज म्हणाला, आपण क्रमांक दिला नाही, मुख्य मेनूवर परत जात आहोत. मराठीसाठी एक दाबा.

"अहो, माझी बायको कुठंय?" व्यवस्थापक फोनवर ओरडले. खोटी का होईना, बायको हरवली की माणूस ओरडतोच. सगळी खोली हसली, तेही हसले, आणि कंपनीचा माणूस खाली बघून वायर गुंडाळू लागला.

अप्पा हसले नाहीत. म्हणाले, "यंत्राला बोलू द्या साहेब, माजी काय हरकत? पर पयलं 'हॅलो' मानसाचं पायजे. आनि दुसरं, सगळं येका जाळ्यात आनलं की त्याच्यावर कुनीतरी दिवसभर डोळं ठिवून बसायला पायजे. मी वर शिडीवर आसतो. ताई बसत्याल. मी शिकवतो."

मला वाटलं, हे दयेपोटी बोलतायत. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्यापुढं मोठा पडदा लावला. त्यावर सगळं हॉस्पिटल ठिपक्यांत मांडलेलं. फोन, बेल, कॅमेरे, लॅब, दारं. हिरवा म्हणजे बरा, पिवळा म्हणजे दमलाय, लाल म्हणजे गेला. मी घाबरले. म्हटलं, अप्पा, मला इंग्रजी फार येत नाही.

"ठिपक्याला कुटं इंग्रजी येतंय?" अप्पा म्हणाले. "तुमी रोज शंभर मानसांचा आवाज वळखता. ही बी तसलीच हायती. चार दिवस बघा, कोन कवा रडतो ते कळंल."

आणि कळलं. मी चुकले तर ते कधी ओरडले नाहीत. एकदा मी भलत्याच ठिपक्यावर क्लिक करून तिसऱ्या मजल्याचे कॅमेरे बंद केले, तर धावत आले आणि म्हणाले, "बरं झालं, त्येला बी जरा डोळा लागला." मला या वयात कोणी नवं काही शिकवलं, आणि शिकवताना माझा अपमान केला नाही, हे मी विसरणार नाही.

तरीही अप्पांची काही खुळं कोणालाच पटत नव्हती. सगळं एका जाळ्यात आणणाऱ्या या माणसानं माझ्या टेबलावर एक जुना काळा फोन मुद्दाम जाळ्याबाहेर ठेवला. त्याची तार थेट रस्त्यावरच्या खांबाला. आणि देवळाजवळच्या दुकानातून पितळी हातघंटा आणून प्रत्येक वॉर्डात टांगल्या. डॉक्टर लोक येता-जाता घंटा हलवून "आरती केव्हा?" म्हणत. अप्पा म्हणत, "आनि ह्यो बंद पडला तर?"

तो बंद पडला. भर दुपारी, ऐन उन्हाळ्यात.

मी पडद्याकडं बघत होते आणि हिरवे ठिपके पिवळे झाले. एक, चार, मग सगळा मजला. हातातला फोन खरखरला आणि मेला. बघता बघता सगळा पडदा लाल. मी बोळात धावले, "अप्पा!" ते डोक्यावरचा टॉवेल फेकून उठलेच होते.

"सगळं का थोडं?"

"सगळं."

"काळ्या फोनवर बसा. घंटा वाजवायला सांगा," म्हणत ते जिन्यानं वर गेले.

आया-मावशी मजल्यामजल्यावर निरोप घेऊन पळाल्या आणि वॉर्डांतून घंटा वाजू लागल्या. एक घंटा म्हणजे सिस्टर हवी, सलग घंटा म्हणजे डॉक्टर हवा, हे अप्पांनी आधीच सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं. तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून सिस्टर जिना उतरून धापा टाकत माझ्यापाशी आली. टेबलावर एक बाळंतीण होती, रक्तस्राव थांबत नव्हता, रक्त लगेच हवं होतं आणि थिएटरचा फोन मुका झाला होता. मी काळा फोन उचलला. टर्रर्र असा तो जुना आवाज कानात आला. आयुष्यात इतकं गोड मी काही ऐकलेलं नाही. रक्तपेढीचा नंबर पाठ होता. रक्तगट सांगितला, पिशव्या सांगितल्या, पलीकडून सगळं परत म्हणून घेतलं. आमचा ड्रायव्हर तोवर गाडी सुरू करून उभा होता.

रक्त वेळेत आलं. बाई वाचली. मुलगी झाली होती, तीही ठणठणीत.

तोवर वर अप्पा मजल्यामजल्याच्या पेट्या उघडून एकेक वायर उपसत हिंडत होते. दुसऱ्या मजल्याची वायर काढली तसे बाकीचे मजले हिरवे झाले. बिघाड त्या मजल्यावर होता. प्रतीक्षा कक्षात नवा टीव्ही लावायला आलेल्या माणसाला जमिनीवर एका वायरीचं मोकळं टोक लोळताना दिसलं होतं. बिचाऱ्यानं नीटनेटकेपणा म्हणून ते भिंतीतल्या रिकाम्या जागेत खोचलं. त्या वायरीचं दुसरं टोक आधीच शेजारच्या जागेत होतं. निरोप एका भोकातून बाहेर, दुसऱ्यातून आत, परत बाहेर, असा गोल गोल फिरत राहिला, वाढत राहिला, आणि त्या गर्दीत सगळं जाळं गुदमरलं.

व्यवस्थापक टीव्हीवाल्यावर भडकले. तो भिंतीला चिकटून उभा होता. अप्पा मध्ये आले. "त्येला बोलू नका साहेब. भिंतीतलं भोक उघडं मी ठिवलं. आसा गोल फेरा झाला तर आपोआप तुटावा, ही सोय बी माझ्याकडनं त्या मजल्याला ऱ्हायली. चूक माजी हाय." मग टीव्हीवाल्याला म्हणाले, "चहा घेनार का?"

त्यानंतर घंटांना कोणी हसलं नाही. ती बाळंतीण घरी जाताना तिच्या नवऱ्यानं मला आणि अप्पांना पेढे दिले. फोन आणि पेढे यांचा संबंध त्याला कोणी सांगितला कोण जाणे. अप्पांनी पेढा हातात घेऊन बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "लई ग्वाड आसंल." आणि खाल्ला.

इथं थांबले तरी चाललं असतं. पण अप्पा मला खरे दिसले ते पावसाळ्यात.

दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारी दाखल झाली. अक्कलकोटच्या पलीकडच्या, हद्दीवरच्या गावातली. खुब्याचं हाड मोडलेलं. मुलगा लांब कामाला, रविवारी यायचा. तिला कन्नडखेरीज काही येत नव्हतं. ती दिवसभर कॉल-बेल दाबायची. सिस्टर धावत जायच्या, ती काहीतरी बोलायची, कोणाला कळायचं नाही. पाणी दिलं तर नको, पाय हलवला तर नको. सिस्टर वैतागून मला म्हणाल्या, बेल बिघडलीय, उगाच वाजते, तक्रार लावा.

माझ्या पडद्यावर ती बेल हिरवीगार होती. तरी मी अप्पांना सांगितलं. ते मीटर आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन वर गेले. बऱ्याच वेळानं उतरले.

"दोष हाय ताई. लई बारीक हाय. रोज बघावा लागंल."

मग ते रोज दुपारी जाऊ लागले. मला नवल वाटलं. अप्पांच्या हातात बिघाड संध्याकाळपर्यंत टिकत नसे, आणि ही एक बेल दुरुस्तच होईना. दुपारी अप्पा वर असले की ती वाजत नसे, एवढं खरं. मला वाटलं, आता यांचंही वय झालं.

एका दुपारी फोन थंडावले तशी मी वर गेले. वॉर्डाच्या दारातच थबकले. अप्पा स्टुलावर बसले होते. स्क्रू-ड्रायव्हर मांडीवर तसाच. म्हातारी उशीला टेकून बोलत होती, हात नाचवत, भराभर. अप्पा मान डोलवत होते, मध्येच काही सांगत होते, आणि एकदा इतके खळखळून हसले की शेजारच्या खाटेवरचा पेशंट जागा झाला. मी त्यांना कधी असं हसताना ऐकलं नव्हतं. म्हातारीनं त्यांच्या हातावर चापट मारली आणि रागे भरल्यासारखं काहीतरी विचारलं.

दारात उभ्या असलेल्या मावशींना कन्नड येत होतं. मी हळूच विचारलं, "काय बोलतात हो रोज?"

"काय न्हाय. ती विचारती जेवलास का. हे सांगतात, जेवलो. ती म्हनते, खोटं बोलतोस, काय जेवलास सांग. मग तिच्या म्हशीचं निगतं."

मी खाली आले. पाठोपाठ अप्पाही उतरले. मला वर पाहिलं होतं त्यांनी. काचेपाशी उभे राहिले, पडद्याकडं बघत.

"ती बेल हिरवीच दिसतीया न्हवं?"

"हिरवीच आहे, अप्पा."

त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर खिशात ठेवला. मग म्हणाले, "आई गेल्यापासनं घरात कन्नड बोलायला कुनी न्हाय. लगीन केलं न्हाय. भावाची पोरं बेंगलोरात, ती इंग्रजी बोलत्यात. मराठीत काम समदं हुतंय, ताई. त्यात काय कमी न्हाय." आणि बोळात निघून गेले.

म्हातारी बरी झाली. मुलगा जीप घेऊन आला. अप्पांनी स्वतः चाकाची खुर्ची ढकलत तिला दारापर्यंत आणलं. तिनं त्यांच्या गालांवरून हात फिरवला आणि स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. जीप गेली. अप्पा आत आले, म्हणाले, "बेल दुरुस्त झाली. तक्रार काढून टाका."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बोळात टेबलाशी बसले होते. डबा समोर, झाकण न उघडलेलं. मी सकाळीच मावशींकडून 'जेवलात का' हे कन्नड वाक्य शिकून घेतलं होतं आणि फोन घेता घेता पुटपुटत होते. गेले, समोर उभी राहिले आणि धीर करून विचारलं, "अप्पा, ऊटा आतेन्री?"

त्यांनी मान वर केली.

"'ऊटा' लांब म्हना," ते म्हणाले. "आनि शेवटाला वर न्यायचं. असं, ऊटा आतेन्रीऽ?"

मी तसं म्हटलं.

मग त्यांनी डब्याचं झाकण काढलं आणि उत्तर द्यायला सुरुवात केली. कन्नडमध्ये. लांबलचक. त्यात भाकरी होती बहुतेक, कारण त्यांनी तीच मोडून अर्धी माझ्या हातात दिली. पुढं कोणाची तरी आठवण होती, मैंदर्गी होती, काहीतरी हसण्यासारखंही होतं. मी सर्व्हरच्या खोलीच्या पायरीवर टेकले. मला एक अक्षर कळत नव्हतं. काचेमागचा फोन वाजेपर्यंत मी ऐकत राहिले, आणि तो वाजला तेव्हा अप्पाच म्हणाले, "जा ताई, कुनीतरी घाबरलं आसंल."